आधी माती, मग यंत्र

मातीत पुरायच्या आधी सुनेने वाटीला लाल दोरा बांधला. पेटीतल्या मोठ्या मंगळसूत्राची ती सुटी झालेली वाटी, जेमतेम ग्रॅमभर वजनाची. दोऱ्याचं दुसरं टोक तिने स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतलं. घरातलं एक सोनं खाचरात गेलं होतं, दुसरं जाऊ नये म्हणून ही खबरदारी. तिच्या नणंदेचा नवरा गुडघ्यावर बसून खुरप्याने चार बोटं खोल खड्डा करत होता. शेजारी बांधावर त्याचं मशीन आडवं ठेवलेलं होतं: काळी दांडी, एका टोकाला जेवणाच्या ताटाएवढी गोल थाळी, दुसऱ्या टोकाला छोटा पडदा आणि बटणं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘शोध’ हा विषय दिला आणि मला हे मशीन आठवलं. भोर-वेल्ह्याच्या मुलखात लहानपणापासून जाणं-येणं असल्याने ‘गुप्तधन’ हा शब्द तिकडच्या गप्पांत किती सहज येतो ते ठाऊक होतं. अलीकडे त्याच गप्पांत ‘डिटेक्टर’ हाही शब्द ऐकू येऊ लागला होता. हे यंत्र नेमकं काय करतं, कुठे चालतं, कुठे फसतं आणि कुठे ते नेऊच नये, हे बघायला मी मे महिन्यात वेल्ह्याजवळच्या एका वाडीत गेलो. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. बोलताना मात्र लोक अजून वेल्हंच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव लिहितो.

झालं होतं असं. गेल्या वर्षीच्या आवणीत सासूबाईंचं डोरलं तुटलं. दिवसभर वाकून, पावसात, इरल्याखाली आणि पोटरीभर चिखलात काम चाललं होतं. मणी गळ्यात अडकून राहिले, पण दोन वाट्या गेल्या. संध्याकाळी हातपाय धुताना ध्यानात आलं, तोवर चार खाचरं लावून झाली होती. भात कापल्यावर त्यांनी त्या खाचरात नांगर घालू दिला नाही. पाच महिने जमीन तशीच ठेवली. पिंपरी-चिंचवडकडे एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती करणारा जावई सुट्टी काढून मशीन घेऊन आला, तेव्हा सासूबाईंनी त्याला एवढंच विचारलं, “जावईबापू, हे सोनं ओळखतं का?”

“सोनं नाही ओळखत, मामी. धातू आहे एवढंच सांगतं. बाकी आपणच ओळखायचं.”

पुढचे दोन दिवस मी जे पाहिलं, त्याचं सार या उत्तरात होतं.

थाळीत काय असतं

थाळीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज फिरते आणि थाळीखालच्या जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात लहान लहान भोवरे फिरावेत तशी वीज फिरू लागते, आणि ही वीज स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र उभं करते. दुसरं वेटोळं ते टिपतं. तांबं आणि चांदी यांचा प्रतिसाद एका तऱ्हेने उशिरा येतो, पातळ सोन्याचा किंवा ॲल्युमिनियमच्या वर्खाचा दुसऱ्या तऱ्हेने, लोखंडाचा तिसऱ्याच. या उशिराच्या फरकावरून मशीन पडद्यावर एक आकडा दाखवतं आणि कानात उंच किंवा खर्जातला सूर वाजवतं.

आकडा म्हणजे नाव नव्हे. डोरल्याची पोकळ, पातळ वाटी आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी यांचे आकडे जवळजवळ येतात. त्यामुळे कचऱ्याचा आवाज नको म्हणून तो पट्टा बंद केला की सोन्याचाही आवाज बंद होतो. जावयाने मला हे करून दाखवलं. गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि वाटी खाटेवर शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवरून थाळी फिरवली. सूर सारखाच आला, आकड्यात दोन-तीनचा फरक. मग देवघरातली शिवराई मागितली. आजेसासूने ती आणून दिली, पण बजावलं, “देवाचा पैसा आहे, मातीत पुरायचा नाही.” खाटेवरच ठेवलेल्या त्या जाड तांब्याच्या नाण्यावर थाळी गेली तेव्हा सूर एकदम उंच आणि स्वच्छ लागला. कचऱ्यात मिसळावा असा तो नव्हताच. तांब्याचं जाड नाणं शोधणं सोपं, सोन्याची पातळ वाटी शोधणं अवघड. किमतीचा आणि सोपेपणाचा इथे काही संबंध नाही.

या यंत्राचा पूर्वज एका मरणाच्या दारी जन्मला. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईने एक यंत्र बनवलं आणि रुग्णाच्या अंगावरून फिरवलं. त्यापूर्वीच्या चाचण्यांत ते उत्तम चाललं होतं. इथे मात्र अंगभर कुठेही नेलं तरी गुणगुणत राहिलं. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोधू दिलं. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड वारले. यंत्रात खोट नव्हती, खालची जागा कुणी तपासली नव्हती. आजही शंभरातल्या बहुतेक शोधांची अशी गत याच कारणाने होते, असं मी दोन दिवसांत पाहिलं त्यावरून म्हणेन.

जमीनच वाजते

सह्याद्रीची गादीही पोलादीच आहे. हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या कातळाचा. त्या कातळात मॅग्नेटाइट जातीची, चुंबकाला चिकटणारी लोहखनिजं बारीक दाण्यांनी भरलेली आहेत. कातळ झिजून मुरूम होतो, मुरूम झिजून माती होते, आणि दाणे प्रत्येक टप्प्यावर सोबत येतात. खरं वाटत नसेल तर जुन्या स्पीकरमधलं चुंबक घ्या आणि गुंजवणी नदीच्या कोरड्या पात्रातल्या काळसर वाळूतून ओढा. आम्ही ओढलं. दहा पावलांत चुंबकाला काळी दाढी आली, बोटाने झटकली तरी निघेना.

युरोपातल्या चुनखडीच्या किंवा हलक्या मातीत बसवलेल्या यंत्राला ही जमीन म्हणजे एक प्रचंड पसरलेलं लोखंडच वाटतं. म्हणून काम सुरू करण्याआधी मशीनला जमिनीची ओळख करून द्यावी लागते. ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात ते हेच. जिथे धातू नाही अशी हातभर जागा शोधायची, थाळी फूटभर वर घ्यायची, जमिनीपासून दोन बोटांवर आणायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. खाली येताना आवाज वाढत असेल तर आकडा एका बाजूला सरकवायचा, कमी होत असेल तर दुसऱ्या. वर-खाली करूनही सूर एकसारखा राहिला की जमीन गप्प झाली असं समजायचं. काही मशीनं हे आपोआप करतात, तरी जावई हातानेच करत होता. “आपोआप चालतं, पण ते नेमकं काय करतं ते आपल्याला कळत नाही,” तो म्हणाला.

एका खाचरात एकदा जमवलं की संपलं, असंही नाही. तिसऱ्या खाचराच्या वरच्या कोपऱ्यात पोचताच मशीन पुन्हा कुरकुरू लागलं. धातूचा ठाम सूर नव्हता, नुसती खरखर. जावई चक्रावला. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, “तिथं दाढ भाजतो आम्ही.” रोपं टाकायच्या आधी शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून जमीन भाजतात. कुणी त्याला राब म्हणतं, कुणी दाढ. वर्षानुवर्षं त्याच तुकड्यावर आग लागते. भाजलेल्या मातीतल्या लोहखनिजांचं रूप बदलतं आणि ती शेजारच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय होते. चुलीखालची, भट्टीखालची आणि जळलेल्या घराच्या जोत्याची मातीही अशीच वेगळी वाजते. पुरातत्त्वाचे अभ्यासक याच गुणाचा उपयोग करून जुन्या चुली आणि भट्ट्या शोधतात. मशीन विकणाऱ्याला हे माहीत असेल-नसेल, पण ज्या बाईने तीस वर्षं ती जमीन भाजली तिला कोपरा न बघता कळला. आम्ही त्या तुकड्यापुरतं सगळं पुन्हा जमवलं.

वाटी चार बोटांवर, मग आठ

आता त्या दोऱ्याच्या वाटीकडे येतो. हरवलेली वस्तू शोधायची तर तशीच वस्तू त्याच जमिनीत पुरून आधी बघायची, हा या कामातला सगळ्यात उपयोगी नियम. हवेत धरली तेव्हा वाटी वीतभर अंतरावरून वाजत होती. मातीत चार बोटांवर पुरली, सूर स्पष्ट. आठ बोटांवर पुरली, थाळी दोन-तीनदा फिरवल्यावर मधूनच कुजबुज, आणि आकडा लोखंडाच्या बाजूला घसरलेला. वीतभर खाली गेली की काहीच नाही. म्हणजे खोक्यावर काहीही छापलेलं असो, या मशीनची या वस्तूसाठी या खाचरातली नजर जेमतेम आठ बोटं.

संवेदनशीलता वाढवून बघितली. आवाज वाढला, वाटीचा नव्हे, जमिनीचा. खाली आणली तेव्हा जमीन गप्प झाली आणि चार बोटांवरची वाटी उलट जास्त स्वच्छ ऐकू आली. नवशिके सगळी बटणं शेवटच्या आकड्यावर नेतात आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात. काळ्या कातळाच्या मुलखात मशीन थोडं बहिरं ठेवलं तरच त्याला नीट ऐकू येतं.

थाळीचंही तसंच. मोठी थाळी खोल बघते, पण एका वेळी जास्त जमीन बघते. जमीनच लोखंडी असेल तर गोंगाटही तेवढाच वाढतो. शिवाय तिच्याखाली एक खिळा आणि एक वाटी एकदम आली तर खिळा वाटीला झाकून टाकतो. लहान थाळीची पोच कमी, पण ती दोन वस्तू वेगळ्या सांगते. जावयाकडे दोन्ही होत्या. दुपारनंतर त्याने मोठी काढून ठेवली.

मग जमिनीची तयारी. भाताची धसकटं चार-पाच बोटं उंच उभी होती. थाळी त्यांच्यावरून सरकायची म्हणजे आठ बोटांच्या नजरेतली अर्धी हवेतच जायची. सुनेने आणि मी विळ्याने धसकटं मुळाशी कापली, मग विळे आणि खुरपी बांधावर नेऊन ठेवली. लोखंड जवळ असलं की मशीन त्याचंच गाणं गातं. जोडवी, बांगड्या, खिशातला मोबाइल, सगळं थाळीपासून लांब. कारवीच्या काड्या रोवून सुतळीने हातभर रुंदीचे पट्टे आखले. थाळी जमिनीला समांतर ठेवायची, फेकल्यासारखी टोकाला वर उचलायची नाही, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची. काम कंटाळवाणं आहे. झाडून काढताना जो धीर लागतो तोच इथे लागतो.

पहिल्या दिवशी निघालं ते असं: नांगराच्या फाळाचा गंजका तुकडा, बैलाच्या नालेचे दोन खिळे, खताच्या गोणीची तार, गोळ्यांची चांदी सात वेळा, आणि एक स्टीलचा चमचा. फाळाच्या चपट्या तुकड्याने तर उत्तम धातूचा सूर काढला होता. चपटं, पसरट लोखंड असं फसवतं. प्रत्येक वेळी खणताना सासूबाई उठून उभ्या राहायच्या आणि पुन्हा बसायच्या.

संध्याकाळी मी विचारलं, आवणीच्या चिखलात जड वस्तू पडली तर थांबेल कुठे? उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. चिखलणी करून करून वीतभर खाली एक कडक थर बनलेला असतो, त्याच्यामुळेच खाचरात पाणी उभं राहतं. सोनं जड, चिखल पातळ, वरून माणसांचे पाय. वाटी त्या थराच्या जवळपास असणार, म्हणजे मशीनच्या नजरेच्या पलीकडे.

यंत्राची नजर वाढवता येत नव्हती, तेव्हा माती कमी केली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ज्या ओळीत डोरलं ओढल्यासारखं वाटलं होतं, तो दहा बाय दहा फुटांचा तुकडा निवडला. चार बोटं माती खरवडून ताडपत्रीवर घेतली, तिच्यावरून थाळी, उघड्या जमिनीवरून थाळी. पुन्हा चार बोटं. दुपारी तीनच्या सुमाराला दुसऱ्या थरातल्या ताडपत्रीवरच्या ढिगाऱ्यात सूर लागला. ढीग दोन भागांत केला, वाजतो तो ठेवला, पुन्हा दोन भाग. शेवटी मूठभर माती राहिली. जावयाने ती सासूबाईंच्या ओंजळीत टाकली. त्यांनी अंगठ्याने ढेकूळ फोडलं आणि वाटी निघाली, एका कडेला चेपलेली.

दुसरी वाटी सापडली नाही.

म्हशीच्या पोटातला खिळा

तिथून भोरला आलो. वाटेत एका पशुवैद्यांशी गप्पा झाल्या, कारण या मुलखात धातू शोधायची गरज जमिनीत कमी आणि गोठ्यात जास्त पडते. गाई-म्हशी चारा चावून खात नाहीत, गिळतात आणि मग रवंथ करतात. पेंढ्यात तारेचा तुकडा, सुई किंवा खिळा आला तर तोही गिळला जातो आणि पोटाच्या पुढच्या, जाळीसारख्या कप्प्यात जाऊन पडतो. तो कप्पा हृदयाच्या अगदी जवळ, मध्ये फक्त पडदा. आकुंचनाबरोबर तार टोचत पुढे सरकली तर ती थेट हृदयाच्या आवरणापर्यंत पोचते. जनावर चारा सोडतं, कोपरं बाहेर काढून उभं राहतं, उतारावरून खाली जायला कचरतं, छातीखाली सूज येते.

इथेही डिटेक्टर वापरतात. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, छातीच्या खालच्या बाजूने तो फिरवायचा. पण वाजला म्हणजे रोग कळला असं होत नाही. ठणठणीत जनावरांच्याही त्या कप्प्यात लोखंडाचे तुकडे नुसते पडून असतात. वाजणारं लोखंड टोचतंय की पडून आहे, हे यंत्र सांगत नाही. ते लक्षणं, तपासणी आणि क्ष-किरण किंवा सोनोग्राफी सांगते. काही ठिकाणी जनावराला एक गुळगुळीत चुंबकच गिळायला देतात. ते त्या कप्प्यात बसून राहतं आणि तारा-खिळे आपल्याला चिकटवून धरतं.

दूध देणारी म्हैस म्हणजे घराचा महिना चालवणारं माणूस. पेंढा बांधायला तार वापरू नका आणि बांधकामाचं भंगार गोठ्याजवळ टाकू नका, एवढं तरी या निमित्ताने प्रत्येक शेतकरी वाचकाला सांगावंसं वाटतं.

मशीन कोणतं घ्यावं

हा प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला. बहुतेकांची सुरुवात किमतीपासून होते. ती जमिनीपासून आणि वस्तूपासून व्हायला हवी.

शेतात पडलेली अंगठी, कुडी, वाटी असली बारीक वस्तू हवी असेल तर जास्त कंपनसंख्येचं किंवा एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारं यंत्र, हाताने जमिनीशी जमवता येणारं, आणि लहान थाळी. कमी कंपनसंख्येचं यंत्र मोठी चांदी, तांबं नीट पकडतं, बारीक सोनं सोडतं. पडक्या घराच्या जोत्यावर काही हरवलं असेल तर तिथे माळवदाच्या आणि दारांच्या खिळ्यांचा सडा असतो. तिथेही लहान थाळी आणि भरपूर वेळ. विजेच्या उच्चदाबाच्या तारांखाली यंत्र उगाच ओरडतं. कंपनसंख्या थोडी बदलून बघावी, नाहीतर वीज गेलेली वेळ गाठावी. डांबराखाली गेलेलं नळयोजनेचं झाकण शोधायचं असेल तर मोठी थाळी चालते, कारण वस्तूच मोठी असते.

कोकणच्या किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी. ओली खारी वाळू स्वतः वीज वाहून नेते, रत्नागिरीकडे तिच्यात काळी खनिजवाळूही मिसळलेली. तिथे साधं एका कंपनसंख्येचं यंत्र गोंधळतं. स्पंद पाठवून त्याचा विरता प्रतिसाद ऐकणारी यंत्रं असल्या जमिनीला पुरून उरतात, पण लोखंड आणि सोनं यातला फरक ती फारसा सांगत नाहीत. जे वाजेल ते खणावं लागतं.

आणि जी यंत्रं शंभर मीटरवरून, डोंगरापलीकडून सोनं दाखवतात म्हणून विकली जातात, ज्यांना थाळी नसून फक्त हातात फिरणारी एक काडी असते, त्यांच्या नादी कुणीही लागू नये. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने अशीच काडीवाली यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. त्यांचं मूळ गोल्फचा चेंडू शोधायच्या खेळण्यात होतं. ती हातात घेऊन नाक्यांवर सैनिक उभे राहिले आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या पुढे गेल्या. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे जीव गेले. इथे लोकांच्या जमिनी आणि दागिने जातात.

तोरण्याचे हंडे

गुप्तधनाची गोष्ट या मुलखाच्या हाडामासात आहे, कारण तिच्या मुळाशी एक मोठी घटना आहे. 1640 च्या दशकात शिवाजीराजांनी तोरणा घेतला, डागडुजी काढली, आणि परंपरेनुसार काम करताना द्रव्याचे हंडे सापडले. ते कुणाच्या घरात गेले नाहीत. शस्त्रं घेतली गेली आणि समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, जो पुढे पाव शतकाच्या आसपास राजधानी होता. बहुतेकांच्या मनात हंडे राहतात, त्या हंड्यांचं काय केलं ते राहत नाही.

म्हणून देवळामागे, वीरगळाखाली, गडाच्या टाक्याशेजारी रात्री खणलेले खड्डे दिसतात. त्यांच्या सोबत कधी लिंबू, हळद-कुंकू, कोंबडी. कधी त्याहून भयंकर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून हा रोग किती खोल आहे ते समजावं. आता मांत्रिकाच्या जोडीला डिटेक्टरवाला आला आहे. कातळ वाजतो, खरखर होते, आणि बघणाऱ्याला सांगितलं जातं: खाली आहे, पण राखण आहे. ती खरखर साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाची असते.

मशीन गाडीतच राहिलं

शेवटच्या दिवशी जावई माझ्याबरोबर आला. आधी भाटघर. 1920 च्या दशकात पुरं झालेल्या या धरणाचं पाणी मे महिन्यात उतरलं की वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ बाहेर येतं. वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असलेले त्याचे दगड उन्हात पांढरट दिसत होते. भोवती भेगाळलेला गाळ, पुढे ओली कड, मध्ये गोटे. पन्नास पावलांत तीन तऱ्हेची जमीन. दोघा-तिघांनी जावयाला विचारलं, “मशीन आणलंय ना? लावून बघा की.” त्याने नकार दिला.

मग गुंजवणे गावातून राजगड. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर आलो. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे. तो राज्य शासनाचा संरक्षित किल्ला आहे. माचीच्या तटाला टेकून बसलो असताना मी त्याला विचारलं, तू इथे मशीन लावलंस तर काय सापडेल?

“खिळे, बाटल्यांची बुचं, ट्रेकवाल्यांचे हुक. आणि एखादी शिशाची गोळी असेल खरी. पण ती मी उचलली की संपलं.”

हे त्याने अगदी बरोबर सांगितलं. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1983 मध्ये वणवा लागून गवत जळालं. त्यानंतर डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या रांगा लावल्या. जिथे वाजलं तिथे झेंडी, प्रत्येक गोळीची आणि काडतुसाची जागा नकाशावर, मग उकरणं. त्या ठिपक्यांवरून कोण कुठे उभं होतं, कोण कुठून कुठे सरकलं, हे शंभर वर्षांनी उलगडलं. गोळ्या तशा कवडीमोल होत्या, मोल होतं ते त्यांच्या जागांना. रायगडावरच्या उत्खननात काही वर्षांपूर्वी सोन्याची बांगडी मिळाली, तीही थराथराने खणताना. म्हणून ती कोणत्या वाड्याच्या कोणत्या थरातली हे विचारता तरी येतं. रात्री कुणी उकरून नेली असती तर ती सराफाकडची काही ग्रॅम मोड झाली असती.

खाचरात आम्ही थर खरवडून ताडपत्रीवर घेतला, कारण ती माती दर वर्षी नांगरली जाते, तिच्यात क्रम उरलेला नाही. गडावरची माती दीडवीत असली तरी तिच्यात क्रम आहे. खाचरातली युक्ती तिथे केली तर तो नाश आहे, आणि गुन्हाही.

इंग्लंडमधली एक गोष्ट मला फार आवडते. नोव्हेंबर 1992 मध्ये हॉक्सन गावात एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले. सोन्या-चांदीची रोमन नाणी लागू लागली. थोडं बघितल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो साठा जसा पुरला होता तसाच काढला, कुजलेल्या पेटीच्या खुणांसकट. हातोडाही नंतर सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सापडलंच तर

आपल्याकडचा कायदा जुना आहे, 1878 चा, पण लोक समजतात तितका तो सापडणाऱ्याच्या विरुद्ध नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. चौकशीअंती पुरणाऱ्याचा कुणी वारस नाही असं ठरलं आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा मालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेता येतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर आणि परदेशी नेण्यावर बंधनं आणली आहेत. संरक्षित गडावर परवानगीशिवाय खणायला मुळातच मनाई आहे.

तेव्हा वाचकहो, हरवलेली अंगठी स्वतःच्या शेतात शोधायची असेल तर मशीन खुशाल आणा, आधी तशीच वस्तू दोरा बांधून पुरून बघा, आणि खड्डे बुजवूनच उठा. कुणी पैसे घेऊन गुप्तधन दाखवतो म्हणाला तर सरळ पोलिसांत जा. गडावर, देवळापाशी किंवा धरणाच्या उतरलेल्या पाण्यात नाणं, गोळी, कोरीव दगड दिसला तर उचलू नका, पाण्याने धुऊही नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, जागा टिपून घ्या आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला त्याच दिवशी कळवा.